बुधवारची ओढणी

अनय आणि मीरा,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी मला फोनच्या पडद्यावर एक जुनी मालिका दाखवलीत. काळंपांढरं, जरा थरथरणारं चित्र. लांब कोट घातलेला एक गुप्तहेर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दुर्बिणीतून बघतो आणि त्यातून शत्रूचा निरोप वाचतो. जोडीने टांगलेले मोजे म्हणजे दोन वाजता, उलटा शर्ट म्हणजे मागच्या दाराने. प्रत्यक्षात ते एका बिचाऱ्या म्हातारीचं रोजचं धुणं असतं. तुम्ही पोट धरधरून हसत होतात. मीरा मध्येच थांबून म्हणाली, "आजी, तू का हसत नाहीयेस? नेटवर्क गेलं का?"

नेटवर्क गेलं नव्हतं. तुमच्या आईने पटकन विषय बदलला, कारण तिला ठाऊक होतं. फोनवर मी घाईने बोलते आणि मधलं मधलं गाळते, म्हणून ही गोष्ट लिहून सांगायची ठरवली. शिवाय ऋतूही नेमका तोच आहे. दिवाळी होऊन गेली आहे. आकाशकंदील अजून उतरवलेले नाहीत, पण त्यांचे कागद उन्हाने विटले आहेत. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी ऊन चावतं. हातगाड्यांवर अर्धवट हिरवी संत्री आली आहेत. सोलताना सालीचा फवारा डोळ्यात जातो आणि वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो. नागपूरचा सगळ्यात सुंदर काळ हा, असं लोक म्हणतात. मीही पाहुण्यांना हेच सांगते. पण या दिवसांत दुपारी रस्ता अचानक शांत झाला की माझे हात जे करत असतील ते करायचे थांबतात. इतक्या वर्षांनंतरही.

तेव्हा आम्ही अमरावती रोडवर, शहर संपून वाडीची गोदामं सुरू व्हायच्या आधी जी नवी वसाहत झाली होती, तिथे राहायचो. छोटी छोटी घरं, प्रत्येकाला एक गच्ची, आणि गच्चीवर दोन खांबांना बांधलेली तार. रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जायचे. पहिल्या महिन्यात त्या आवाजाने झोप येईना, नंतर आवाज नसला तर झोप येईना. तुमचे आजोबा सरकारी कचेरीत होते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे वसाहतीत सगळ्या मला 'बाई' म्हणायच्या, माझ्याहून मोठ्यासुद्धा.

आमच्या गल्लीत टीव्ही आमच्याकडेच होता. दर बुधवारी संध्याकाळी गुप्तहेरांची टर उडवणारी ती मालिका लागायची, इंग्रजीत. ती ज्या देशात तयार झाली तिथे तेव्हाच जुनी झाली होती, पण आमच्यासाठी ताजी होती. नायक देखणा, कमालीचा गंभीर आणि पूर्ण बिनडोक. तो वर्तमानपत्राला भोकं पाडून त्यातून पाळत ठेवायचा आणि वर्तमानपत्र उलटं धरायचा. वेषांतर करून बाहेर पडला की त्याचा कुत्राच त्याला ओळखून मागे लागायचा. गल्लीतल्या बायका आपापला स्वयंपाक उरकून यायच्या, चपला दारात ओळीने काढायच्या (ओळ मी लावून घ्यायचे) आणि सतरंजीवर बसायच्या. इंग्रजी मला एकटीला कळायचं. त्यामुळे प्रत्येक वाक्याला मी मराठीत सांगायचे.

पुढे बसायची सुरजीत. आमच्या शेजारच्या घरातली. तिच्या नवऱ्याचं, कुलवंतसिंगांचं, वाडीला ट्रकचं गोदाम होतं. मुलगी पम्मी तुमच्या आईच्या वर्गात. सुरजीतला इंग्रजी अजिबात येत नव्हतं, पण ती माझ्या मराठीसाठी थांबायची नाही. नायकाची भुवई वर गेली की ती हसायला लागायची, मोठ्याने, मान मागे टाकून. मग मी अर्थ सांगायचे आणि बाकीच्या हसायच्या. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जोरात वत्सलाबाई.

वत्सलाबाई पलीकडच्या बाजूला राहायच्या. त्यांचे यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर असायचे. आठवडाभर तिकडे क्वार्टरमध्ये आणि सुट्टीला इकडे. त्यामुळे घर त्या एकट्याच चालवायच्या आणि कोणाला घाबरायच्या नाहीत. त्यांना मालिकेतलं सगळं आधी पटवून घ्यावं लागायचं.

"बाई, ह्या माणसाले सरकारनं नोकरीवर ठेवला काहून?"

"तोच तर विनोद आहे, वत्सलाबाई."

"विनोद कसा? आमच्या इकडं असे लई हायेत नोकरीवर."

मग सुरजीत इतकी हसायची की पुढचं वाक्य मला ऐकू यायचं नाही आणि गोष्टीतला तेवढा भाग आमच्या गल्लीसाठी कायमचा अंधारात राहायचा.

धुण्याचा तो भाग लागला त्याच्या पुढच्या आठवड्यात खुणांची पद्धत सुरू झाली. ती कोणी ठरवली नाही, आपोआप झाली. फोन कोणाकडे नव्हते. आमचा टीव्ही सारखा बिघडायचा, अँटेना माकडं वाकवायची, आणि दर बुधवारी गल्लीतल्या पोरी दारात येऊन विचारायच्या, "बाई, आज दिसते का?" एका बुधवारी सकाळी मी सहज गच्चीवर पांढरा टॉवेल टाकला आणि खाली उभ्या असलेल्या वत्सलाबाईंना म्हटलं, "पांढरा टॉवेल म्हणजे चित्र ठीक आहे." दुपारपर्यंत त्यांच्या तारेवर लाल लुगडं आलं. म्हणजे येते. ठोंबरेवहिनींची हिरवी साडी आली. सुरजीतने तिची झेंडूच्या रंगाची ओढणी टाकली, लांबच लांब, दोन्ही टोकं वाऱ्यावर. किती जणी येणार ते मला दुपारीच कळायचं आणि त्या बेताने मी चिवडा काढायचे. आम्ही शिकल्यासवरलेल्या, पोराबाळांच्या बायका, पण कपडे टाकताना इकडेतिकडे बघून गंभीर चेहरा करायचो, त्या नायकासारखा. एकदा तुमचे आजोबा माझा पांढरा टॉवेल अंग पुसायला घेऊन गेले, तेव्हा गल्लीभर बातमी झाली की बाईंचा टीव्ही गेला.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्येच होऊन गेली होती. शाळांना सुट्टी होती. तो बुधवार उजाडला तसा इतर बुधवारांसारखाच होता. मी टॉवेल टाकला. लुगडं, हिरवी साडी, ओढणी, सगळं वेळेवर आलं. मी चिवड्याचा डबा काढून ठेवला.

दुपारी आजोबा कचेरीतून अवेळी घरी आले. सायकल आत आणली, जी ते कधी आणत नसत. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "दिल्लीत पंतप्रधानांना गोळ्या घातल्यात. त्यांच्याच अंगरक्षकांनी." थोडं थांबून म्हणाले, "शीख होते म्हणतात."

रेडिओवर बातमी नव्हती, नुसती सारंगी वाजत होती. बाहेर दुकानांची शटर एकामागून एक खाली आल्याचा आवाज आला, आधी लांबून, मग जवळून. हातगाडीवाला संत्री तशीच टाकून गेला आणि त्यावर कावळे बसले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मोठ्या रस्त्यावरून एकही ट्रक जात नाहीये. ज्या आवाजात आम्ही राहत होतो तो कोणीतरी बंद करून टाकला होता. त्या शांततेत शेजारच्या घराच्या खिडक्या लागल्याचं ऐकू आलं. एक, मग दुसरी, मग स्वयंपाकघराची.

संध्याकाळी सगळ्या बायकांनी आपापले कपडे आत घेतले, दव पडतं म्हणून, नेहमीसारखे. सुरजीतने दारं लावून घेतली होती. ती वर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या तारा रिकाम्या होत्या आणि एका तारेवर झेंडूच्या रंगाची ओढणी फडफडत होती.

ठोंबरे आमच्याकडे आले ते चपला न काढता दारातच उभे राहिले. वसाहतीच्या समितीचे ते सचिव होते. निवृत्त अधिकारी, सरळ माणूस. गटाराच्या झाकणापासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळं तेच बघायचे.

"बाई, सरदारांच्या गच्चीवर काय आहे ते पाहिलंत?"

"ओढणी आहे."

"ते मलाही दिसतं. दूध केंद्रावर लोक म्हणत होते, केशरी झेंडा लावलाय. आनंद साजरा करतायत. एक जण म्हणाला, साधा झेंडा नाही, खूण आहे, त्यांच्या माणसांना."

"ठोंबरेसाहेब, ती बुधवारची ओढणी आहे. तुमच्या घरची हिरवी साडी काल तिच्या शेजारीच होती."

"मला माहीत आहे हो." त्यांनी आवाज खाली आणला. "हिने सांगितलंय मला सगळं. पण बाहेर मी काय सांगू? टीव्हीवरच्या एका विदूषकाचं बघून आमच्या बायका कपड्यांनी निरोप पाठवतात? कोण विश्वास ठेवेल? आणि ठेवला तर काय म्हणतील? म्हणजे निरोप पाठवतात, हे तर खरंच."

मी तर्कशास्त्र शिकलेली बाई. त्यांच्या बोलण्यात चूक कुठेच नव्हती.

आमच्या आणि सुरजीतच्या घरामागून एक अरुंद बोळ होता. मी तिथून तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि नाव घेऊन हाक मारली. बऱ्याच वेळाने दार बोटभर उघडलं. आत दिवसाही अंधार होता. पम्मी ओट्याखाली बसली होती आणि सुरजीत तिच्यासाठी संत्रं सोलत होती. एक एक फोड, त्यावरचा एक एक धागा काढून, जणू ते झाल्याशिवाय दुसरं काहीच करता येणार नव्हतं.

"कुलवंतसिंग?"

"वाडीलाच आहेत. गोदामात. काल संध्याकाळी निरोप आला, रस्त्यावर येऊ नको म्हणून लोकांनी थांबवलंय." मग ती छताकडे बघून म्हणाली, "दीदी, ती ओढणी. मी काल टाकली तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. रब दी सौंह, देवाशपथ."

"मला माहीत आहे."

"वर गेले तर मी दिसेन. नाही गेले तर ती दिसते. मी काय करू, तूच सांग."

"आमच्याकडे चल. पम्मीला घे आणि चल."

तिने मान हलवली. "घर रिकामं दिसलं तर आग लावतात, दीदी. माझ्या बापाने सांगितलंय मला, तिकडून आले तेव्हाचं." ती फाळणीबद्दल बोलत होती. मला तिच्याकडून त्याआधी एकदाही तो शब्द ऐकल्याचं आठवत नव्हतं, आणि तेव्हाही तिने तो शब्द वापरला नाही.

मी परत आले तर आमच्या अंगणात वत्सलाबाई उभ्या होत्या. हातात रिकामी बादली.

"काय म्हणते वं ती?"

मी सांगितलं. ओढणी काढली तर पुरावा लपवला म्हणतील, ठेवली तर झेंडा म्हणतील, हेही सांगितलं.

वत्सलाबाईंनी बादली खाली ठेवली. "बाई, मी लहान होती ना, तवा आमच्या गावात लोक आमच्या घराकडं बोट दाखवून विचारत, ते घर त्याईचंच ना? बापानं धम्माची दीक्षा घेतली त्या सालची गोष्ट. बोट दाखवून विचारलं की पुढं काय होते, मले माहीत हाये." त्यांनी वर रिकाम्या तारांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एकीचं धुणं दिसते. साऱ्यांचं धुणं कोण पाह्यते?"

मला कळायला क्षणभर लागला.

"रंगीत?" मी म्हटलं. "दुखवट्यात?"

"मंग पांढरं टाकून काय फायदा?"

त्या स्वतः घरोघर गेल्या. मला इंग्रजी येत असेल, पण दार वाजवून आत शिरायचं आणि बाईच्या डोळ्यात बघून 'टाक' म्हणायचं, हे मला जमलं नसतं. मी कपाट उघडलं. माझी कपाटं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक घडी मोजून मापून. हळदी रंगाची एक रेशमी साडी होती, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची. केशरी काठाची दुसरी. धुतल्यासारखं दिसायला हवं म्हणून त्या बादलीत बुडवायला घेतल्या. नळाचं पाणी सकाळीच गेलं होतं. पिंपातलं प्यायचं पाणी घेतलं.

आजोबा दारात आले. "अगं, रेशीम आहे ते."

"असू दे."

"ते नाही म्हणत मी." त्यांनी खिडकीतून गल्लीत पाहिलं. "देशाचा दुखवटा आहे. आजच्या दिवशी रंगीत कपडे झळकवले म्हणून कोणी नाव घेतलं तर? मी सरकारी नोकर आहे. आज प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघतोय."

ओली साडी एकटीला पिळता येत नाही, म्हणून मी एक टोक धरून उभी राहिले. बराच वेळ गेला. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि दुसरं टोक धरलं. पिवळा रंग त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा समोर लाल लुगडं आलं होतं. मग पलीकडे गुलाबी काहीतरी. मग एक भगवं पांघरूण, एक झेंडूपेक्षाही झेंडू परकर, कोणाच्या तरी लेकराचं दिवाळीचं जरीचं झबलं. उन्हात सगळं पाणी टिपटिप गळत होतं. एरवी ते दृश्य किती आनंदाचं दिसलं असतं. त्या दुपारी, बंद दुकानांच्या आणि मुक्या रस्त्याच्या वर, ते इतके रंग मला बघवेनात; मी साडीची कड तारेवर सरळ करत राहिले. सगळ्यांनी टाकलं नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. काही दारं वत्सलाबाईंसाठी उघडलीच नाहीत. ठोंबऱ्यांची तार रिकामी होती.

मुलं दुपारी आली. सायकली, दोन लुना. आमच्या वसाहतीतली नव्हती. शर्टावर काळ्या फिती टाचणीने लावलेल्या. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. पुढचा मुलगा चांगल्या घरातला दिसत होता आणि अतिशय नम्रपणे बोलत होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली. वत्सलाबाई आणि मी फाटकाशी उभ्या होतो.

"काकू, इथं सरदाराचं घर कोणतं?"

"काहून?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"असंच. कोणी झेंडा लावला म्हणतात."

"झेंडा? इथं धुणे वाळून राहिले, दिसत नाही का गा तुले? दिवाळीचं धुणं तुंबलं होतं. तुह्या घरी माय धुत नाही का?"

मागचा एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. पुढच्या मुलाने वर बघितलं. एका तारेवरून दुसऱ्या तारेवर, तिथून तिसऱ्या, सावकाश. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते आणि माझ्या मनात नको त्या वेळी तो मालिकेतला नायक आला. तोही असाच कपड्यांवरून नजर फिरवायचा, तोच गंभीर चेहरा, तीच खात्री की इथे काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते फक्त आपल्याला वाचता येतं. आम्ही आठवड्यामागून आठवडे ज्याला हसलो तो माणूस आमच्या फाटकाशी आला होता.

सुरजीतच्या गच्चीवरून त्याची नजर सरकली. थांबली नाही. ओढणी बाकीच्या रंगांत मिसळून गेली होती. नजर पुढे ठोंबऱ्यांच्या गच्चीवर जाऊन थांबली.

"तिथं काहीच नाही टाकलं. ते घर कोणाचं?"

ठोंबरे आपल्या दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. चेहऱ्याचा रंग उडतो म्हणतात, तो मी तेव्हा पाहिला. मुलं त्यांच्या फाटकाकडे वळली. ठोंबरे दोन पायऱ्या खाली उतरले, पांढरा झब्बा, पांढरं धोतर. हे घर सरदाराचं नाही, ते मुलांना दिसलंच.

"काका, सरदाराचं घर कोणतं?"

ठोंबऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वत्सलाबाईंकडे. सुरजीतच्या घराकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. ते म्हणाले, "इथे नाही. ते लोक तिकडे, वाडीला असतात. गोदामात."

शेजारच्या बंद खिडकीच्या आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वाटी असावी. मुलांनी तिकडे पाहिलं.

"मांजर हाये," वत्सलाबाई म्हणाल्या. "पाणी पेतं का रे? उन्हात फिरून राहिले लेकरं. पाणी प्या अन् घरी जा."

त्यांनी पाणी घेतलं नाही. पुढचा मुलगा म्हणाला, "पुन्हा येऊ, काकू," आणि सगळी गल्लीच्या टोकाशी गेली. तिथे मोठा रस्ता. डावीकडे वाडी, उजवीकडे शहर. ती थांबली. काहीतरी वाद चालला होता, हात हलत होते, एक जण डावीकडे दाखवत होता. आम्ही दोघी फाटकाची सळई धरून उभ्या. मी देव फारसा मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी त्या वेळी नुसतं 'उजवीकडे, उजवीकडे' म्हणत होते, कोणाला उद्देशून ते ठाऊक नाही.

ती उजवीकडे वळली.

का वळली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. भूक लागली असेल. लुनातलं पेट्रोल संपत आलं असेल. त्यांच्यातल्या कोणालातरी संध्याकाळच्या आत घरी पोचायचं असेल. एखाद्या माणसाचा जीव इतक्या छोट्या कारणावर टिकू शकतो, हे त्या दिवशी शिकले आणि ते शिकल्यापासून मला कधीच पूर्ण निश्चिंत वाटलेलं नाही.

दिवस निवळल्यावर कुलवंतसिंग घरी आले. गोदामाच्या आजूबाजूच्या हमालांनी आणि ड्रायव्हरांनी त्यांना मधे घेऊन ते दिवस काढले होते, एवढंच त्यांनी सांगितलं. ठोंबऱ्यांनी मुलांना वाडीचं नाव सांगितलं होतं, हे सुरजीतने खिडकीआडून ऐकलं होतं. तिने ते नवऱ्याला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ठोंबरे भेटले की ती पूर्वीसारखाच नमस्कार करायची. ठोंबरे उत्तर द्यायचे, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. तुमच्या वयात मला वाटायचं की माणूस एक तर भ्याड असतो नाहीतर भला. ठोंबऱ्यांनी एका वाक्यात एका घराला वाचवलं आणि त्याच वाक्यात त्याच घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं. मी त्यांना कोणत्या खणात ठेवू, ते माझं अजून ठरलेलं नाही.

माझ्या हळदी साडीचा रंग दुसरीच्या केशरी काठात उतरला होता. ती मी पुन्हा नेसले नाही, पायपुसण्यांत गेली.

दुखवटा संपला आणि काही आठवड्यांनी मालिका पुन्हा सुरू झाली. मी टॉवेल टाकला नाही. लुगडं आलं नाही, हिरवी साडी आली नाही. बुधवारी संध्याकाळी वत्सलाबाई नुसत्या चालत आल्या आणि येताना सुरजीतला हाताला धरून घेऊन आल्या. ठोंबरेवहिनी आल्या नाहीत. नायकाने त्या दिवशी कसलीतरी दाढी लावली होती आणि ती सूपमध्ये पडत होती. त्याची भुवई वर गेली. मी सवयीने सुरजीतच्या हसण्यासाठी थांबले.

ती माझ्याकडे बघत होती. मी अर्थ सांगितला. मग तिने आधी वत्सलाबाईंकडे पाहिलं, मग मागे बसलेल्यांकडे, सगळ्या हसतायत ना याची खात्री केली, आणि मग हसली. बेताने, तोंडावर ओढणीचं टोक घेऊन.

"हास ना वं मोकळं," वत्सलाबाई म्हणाल्या. "टॅक्स लागते का?"

"हसतेच आहे," सुरजीत म्हणाली.

त्यानंतर मालिका होती तोवर ती दर बुधवारी आली आणि दर वेळी माझ्या मराठीची वाट पाहिली. मी नेहमी नीट भाषांतर करायचे. तिच्यासाठी आणखी नीट करायला लागले, म्हणजे कुठे हसायचं याबद्दल शंका राहू नये.

मीरा, गुप्तहेराची टर उडवणं सोपं असतं असं मी म्हणणार नाही; त्या लोकांनी ते फार छान केलं होतं. पण ती मालिका एका गोष्टीवर चालते, की तो चुकीचा आहे हे आपल्याला माहीत असतं आणि शेवटी त्यालाही कळतं. त्या दुपारी आमच्या फाटकाशी आलेल्या मुलाला ते कधी कळलं असेल असं मला वाटत नाही. तो आता साठीचा असेल. कदाचित त्याचीही नातवंडं तुमच्यासारखी दूर असतील आणि तो त्यांना संत्र्याच्या दिवसांबद्दल सांगत असेल.

आता ती गल्ली ओळखू येणार नाही. बहुतेक घरं पाडून चारमजली इमारती झाल्या आहेत, कपडे गॅलऱ्यांच्या आत वाळतात, आणि रस्त्यावरचे ट्रक बाहेरच्या वळणरस्त्याने जातात. वत्सलाबाई गेल्या. तुमचे आजोबा गेले. कुलवंतसिंग गेले, आपल्या बिछान्यात, म्हातारपणाने. पम्मी कॅनडाला असते आणि आईला तिकडे बोलावते. सुरजीत त्याच घरात राहते, जात नाही. घर रिकामं ठेवायचं नसतं म्हणते.

मी दर आठवड्याला तिच्याकडे जाते. तिच्या दाराला आतून दोन कड्या आहेत. खालची घर बांधलं तेव्हाची. वरची लोखंडी, जाड, त्या वर्षी कुलवंतसिंगांनी गोदामातून आणून स्वतः ठोकलेली. मी बेल वाजवते, नाव सांगते, आणि आधी वरची सरकल्याचा आवाज येतो, मग खालची. तीनदा रंग दिला दाराला, कडी तीच आहे. ती अजून रोज लागते.